दम वाढतो, हाड मागे राहते : लांब पल्ल्याच्या होतकरू धावपटूंबाबत या चुका टाळा

मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात हिवाळ्यातल्या पहाटे उभे राहिले की तेरा-चौदा वर्षांची एखादी मुलगी अशी दिसते, जिच्या बरोबरची मुले दोन चकरांतच मागे पडतात आणि तिचा श्वास मात्र शेवटपर्यंत फुलत नाही. काटोल, उमरेड, रामटेककडून अशी मुले नागपुरात येतच असतात. त्यांतली बरीचशी सतराव्या-अठराव्या वर्षी मैदानावर दिसेनाशी होतात, आणि चौकशी केली तर एकच उत्तर मिळते : "पाय गेला तिचा." अपघात सोडला तर पाय असा एका दिवसात जात नाही. तो काही महिने आधीपासून जात असतो, आणि त्या काळात पालक, प्रशिक्षक व खुद्द खेळाडू मिळून ज्या चुका करतात, त्यांतल्या काही मीही केलेल्या आहेत.

दम वाढला म्हणून अंतर वाढवणे

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच आहे. गुणी मुलाचे हृदय आणि स्नायू सरावाला फार लवकर प्रतिसाद देतात. सहा-आठ आठवड्यांत दम वाढतो, घड्याळातली वेळ उतरते आणि सरही खूश होतात. हाडाचे काम मात्र सावकाश चालते. धावण्याचा ताण नव्याने पडू लागला की शरीर आधी हाडाचा थकलेला भाग खरवडून काढते, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. मग त्या जागी नवे हाड भरून यायला तीन महिन्यांच्या आसपास वेळ जातो. म्हणजे सराव वाढवल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा मूल पूर्वीपेक्षा वेगाने पळू लागलेले असते, नेमकी तेव्हाच त्याची नडगी कच्ची असते. बेताच्या कुवतीचे मूल या टप्प्यावर दमून आपोआप थांबते. गुणी मूल थांबत नाही, कारण त्याला दम लागलेलाच नसतो.

नागपुरात याला ऋतूची जोड मिळते. पावसाळ्यात काळ्या मातीची मैदाने चिखलाने बंद पडतात, सराव सिमेंटच्या रस्त्यांवर जातो आणि शालेय स्पर्धा तोंडावर आल्याने त्याच सुमारास अंतरही वाढवले जाते. सिमेंट वाईट आणि माती चांगली, इतके हे सरळ नाही. पाय कोणत्याही जमिनीला हळूहळू सरावतो. पण जमीन, अंतर आणि वेग या तिन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात बदलू नयेत. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको, हा नियम सर्वांना पाठ असतो. परंतु तो महिनोन्महिने अखंड पाळला तर हाडाला उसंत अशी मिळतच नाही. तीन आठवडे वाढ आणि चौथ्या आठवड्यात एक-तृतीयांश कपात, हा हिशेब मला अधिक पटतो. वहीत तो भित्रा दिसतो आणि पालकांना मुळीच आवडत नाही.

एकाच मुलाला सगळीकडे उतरवणे

शालेय स्पर्धांची शिडी तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी आहे. जो जिंकतो तो पुढच्या पायरीवर जातो, त्यामुळे चांगल्या धावपटूच्या वाट्याला आपसूकच जास्त शर्यती येतात. त्यात १५०० आणि ३००० मीटर, शिवाय क्रॉस कंट्री, शिवाय रोख बक्षिसाची रविवारची रस्त्यावरची दौड. दहावी-बारावीला सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के क्रीडा आरक्षण असल्याने घरच्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे; तरीही हंगामाच्या सुरुवातीलाच दोन मुख्य स्पर्धा ठरवून बाकीच्या सोडून देण्याचा निर्णय मोठ्यांनीच घ्यावा लागतो, कारण मूल तो कधीच घेणार नाही. पोलीस भरतीच्या १६०० मीटरला पूर्ण गुण मिळवण्यासाठी ५ मिनिटे १० सेकंदांच्या मागे लागलेल्या मोठ्या मुलांच्या गटात चौदा वर्षांच्या मुलाला रोज जोरात पळवणे हा याचाच आणखी एक प्रकार.

दुखणे "नस चढली" म्हणून मिटवणे

नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेले, सुरुवातीला जाणवणारे आणि अंग तापल्यावर कमी होणारे दुखणे, ज्याला मैदानावर सगळे 'शिन पेन' म्हणतात, ते आणि हाडाला गेलेला बारीक तडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरक ओळखायला अंगठा बराच उपयोगी पडतो. नडगीवर वरपासून खालपर्यंत अंगठ्याने दाबत यावे. सगळीकडे थोडेथोडे दुखत असेल तर विश्रांती आणि कमी सराव यांवर बहुधा भागते, पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी मूल दचकत असेल, त्याच पायावर जागच्या जागी उडी मारता येत नसेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर त्याच दिवसापासून धावणे बंद.

माझ्याकडच्या एका मुलीच्या नडगीवर मी असाच अंगठा ठेवला होता. ती म्हणाली, "पळताना नाही जी दुखत सर, थांबल्यावर दुखते." तीन दिवसांनी विभागीय स्पर्धा होती. तिचे वडील सुट्टी टाकून आले होते आणि त्यांचे म्हणणे असे की, "साडेसात चकराच तर आहेत, मारून घेऊ द्या न तिला." मी नाही म्हणायला हवे होते, पण म्हटले नाही. तिने वेदनाशामक गोळी घेऊन ३००० मीटर पूर्ण केले, दुसरी आली, आणि अंतिम रेषेपासून मंडपापर्यंत तिला दोघींनी धरून आणावे लागले. दुसऱ्या दिवशी काढलेला एक्स-रे स्वच्छ आला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो, हा पुढचा मूर्खपणा. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसत नाही. शंका असेल तर एमआरआय करावा लागतो. आम्ही तो उशिरा केला. मधल्या काळात गावी तिच्या पायाला रोज मालिश होत होती.

वेदनाशामक गोळीने किंवा इंजेक्शनने शर्यत पार पडते, कारण दुखण्याची सूचना बंद होते. तडा तसाच राहतो. नागपूरच्या उन्हात, अंगातले पाणी कमी झालेले असताना डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडालाही बाधतात. आणि दुखणे मांडीच्या सांध्यात, जांघेत, पावलाच्या वरच्या बाजूला मध्यभागी किंवा नडगीच्या थेट पुढच्या कडेला असेल, तर वाट पाहणे धोक्याचे असते; या जागांचे तडे लवकर भरत नाहीत आणि काही वेळा शस्त्रक्रियेपर्यंत जातात.

उंची वाढत असताना वेगाची घाई

दाराच्या चौकटीवर दर महिन्याला पेन्सिलीने उंचीची खूण करावी. खुणांमधले अंतर अचानक वाढले की त्या महिन्यांत चढाचे आणि जोराचे धावणे कमी करावे, सेमिनरी हिल्सचा चढ पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. हाडे लांबतात तेव्हा स्नायू ताणले जातात आणि ते जिथे हाडाला चिकटतात त्या वाढीच्या कोवळ्या जागा, म्हणजे गुडघ्याखालचे टेंगूळ आणि टाचेची मागची बाजू, दुखू लागतात. हे दुखणे सहसा बरे होते, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

हलके शरीर म्हणजे वेगवान शरीर, हा समज

अमेरिकेची मेरी केन २०१३ मध्ये, सतराव्या वर्षी, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली. त्याच वर्षी ती एका नामांकित व्यावसायिक संघात दाखल झाली. तिथे वजन कमी करण्याचा सततचा दबाव होता, आपली पाळी तीन वर्षे बंद राहिली आणि पाच हाडे मोडली, असे तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले. धावण्याच्या मानाने खाणे कमी पडले की शरीर आधी संप्रेरकांमध्ये आणि मग हाडांमध्ये काटकसर करते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन पुरुष खेळाडूंनाही तिचा धोका असल्याचे नमूद केले.

आपल्याकडे कोणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही, पण निकाल तोच लागतो. मुलगी साडेचारला नुसता चहा घेऊन निघते, बारा किलोमीटर धावते, ठेल्यावर तर्री पोहे खाते आणि थेट शाळेत जाते. दुपारी दोनपर्यंत पोटात दुसरे काही नसते. तर्री पोह्यांशी माझे वैर नाही, मात्र निघण्यापूर्वी एक केळे आणि संपल्यावर अर्ध्या तासात दूध, अंडी किंवा भिजवलेले चणे-शेंगदाणे त्यांच्या जोडीला हवेत. सलग तीन महिने पाळी न येणे ही 'सराव चांगला चालल्याची खूण' आहे, असे मी मैदानावर ऐकले आहे. ती डॉक्टरांकडे जाण्याची वेळ असते. पुरुष प्रशिक्षकाला हे विचारणे अवघड जात असेल, तर तिची आई किंवा शाळेतल्या बाई यांच्यामार्फत विचारावे, पण विचारणे टाळू नये. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा तपासून घ्यावे. एवढे ऊन असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते, आणि पहाटे उजाडण्यापूर्वी धावून दिवसभर वर्गात बसणाऱ्या मुलांना त्या उन्हाचा उपयोग तरी कसा होणार?

दुखणे थांबले म्हणजे हाड भरले, असे धरून चालणे

नडगीच्या साध्या तड्याला सहा ते आठ आठवडे लागतात, परंतु दुखणे तिसऱ्या आठवड्यातच थांबते आणि इथेच घात होतो. माझी ती मुलगी पाचव्या आठवड्यात गावातल्या भरतीच्या मुलांबरोबर पळाली, तडा पुन्हा उघडला, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पायाने दगा दिल्यावर तिच्या घरच्यांनी बूट लहान बहिणीला देऊन टाकले.

आता मी क्रम लिहूनच देतो आणि त्याच्या खाली पालकांची सही घेतो. आधी सलग तीस मिनिटे वेगाने चालता यावे आणि अंगठ्याने दाबल्यावर दुखू नये. मग एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा, दिवसाआड. पोहणे किंवा सायकल यांवर दम टिकवता येतो, तो काही पळून जात नाही. आदल्या दिवशीचे दुखणे सकाळपर्यंत राहिले तर एक पायरी मागे. घड्याळ पहिले चार आठवडे घरी ठेवायचे. गेल्या हिवाळ्यात एका मुलाने ते मोज्यात लपवून आणले होते. मी ते काढून घेतले आणि त्याने उरलेली मिनिटे मोठ्याने मोजत पूर्ण केली.