रेझिनमध्ये रंग कधी आणि किती घालावा?

साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या दोन भागांच्या रेझिनमध्ये (द्रव प्लास्टिकमध्ये) रंग घालायचा तो दोन्ही भाग एकत्र करण्याआधी. इपॉक्सी असेल तर रंग रेझिनच्या भागात ढवळून घ्या, हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारा दुसरा भाग, नंतर घाला. हार्डनर पडला की घड्याळ सुरू होतं, मग छटा जुळवत बसायला वेळ उरत नाही. पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनचे दोन भाग म्हणजे पॉलिऑल आणि आयसोसायनेट; त्यात मात्र रंग पॉलिऑलच्या भागात जातो, आयसोसायनेटच्या नाही. कोणता भाग कोणता, हे डब्यावर वाचा; ए आणि बी या अक्षरांवर विसंबू नका.

पाण्यात विरघळणारे रंग टाळलेलेच बरे. पॉलियुरेथेनमध्ये पाण्याचा अंश गेला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि सगळं फेसाळतं.

रंग काडीच्या टोकानं, थेंबाथेंबानं घाला. तो फार झाला तर रेझिन नीट कडक होत नाही, चिकट राहतं. बरेच उत्पादक वजनाच्या काही टक्क्यांचीच मर्यादा घालून देतात. गडद काळा हवा म्हणून बाटली उपडी करण्यापेक्षा दाट पिगमेंट (न विरघळणारा, अपारदर्शक रंग) घ्या. पारदर्शक काम असेल तर डाय (रेझिनमध्ये विरघळणारा रंग) वापरा.

कपातला रंग फसवा असतो. साच्याची जाडी जेवढी, तेवढ्याच जाडीचा थर टाकून पाहा. घट्ट होताना पांढरं पडणारं रेझिन असेल तर लालाचा गुलाबी होणारच, तेव्हा आधी छोटा नमुना ओता. एकाच छटेचे अनेक तुकडे हवे असतील तर ज्या भागात रंग घालायचा तो पूर्ण कामापुरता एकदमच रंगवून ठेवा आणि लागेल तसा मोजून हार्डनर मिसळा. हातमोजे आणि खेळती हवा हवीच.