ट्रकची नवी नोकरी मागण्याआधी स्वतःची फाइल वाचा

अमेरिकेत सीडीएल, म्हणजे जड वाहनाचं व्यावसायिक लायसन्स, घेऊन तुम्ही एखाद्या ट्रक कंपनीत अर्ज करता, तेव्हा कंपनी तुमच्याशी नीट बोलण्याआधी तुमच्याबद्दलचे कागद मागवते. हे कागद तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी साठलेले असतात आणि जवळपास सगळे तुम्हालाही मागवता येतात. पण आपल्याला ते आठवतात नकार आल्यावर. म्हणून अर्ज टाकण्याच्या महिनाभर आधी पुढची कामं उरकून घ्या. महिना अशासाठी, की चूक सापडली तर ती दुरुस्त व्हायला तेवढा वेळ लागतोच.

आधी चार कागद मागवा

पहिला पीएसपी अहवाल. ट्रकवाहतुकीच्या सुरक्षेवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था एफएमसीएसए. तिच्याकडच्या नोंदींतून हा अहवाल निघतो. त्यात मागच्या ५ वर्षांतले अपघात आणि ३ वर्षांतल्या रस्त्यावरच्या तपासण्या असतात. ऑनलाइन १० डॉलर भरले की स्वतःचा अहवाल मिळतो. कंपनीला मात्र तो पाहण्यासाठी तुमची लेखी संमती लागते.

हा अहवाल वाचताना एक गोष्ट अनेकांना खटकते. अपघातात चूक कोणाची होती, याचा निवाडा त्यात नसतो. तुम्ही सिग्नलला उभे आहात, मागून कोणीतरी येऊन ट्रेलरवर आदळलं आणि त्याची गाडी टो करून न्यावी लागली, तरी नोंद तुमच्या नावापुढे दिसते. मे २०२० पासून यावर एक उपाय आहे. मागून बसलेली धडक, उलट दिशेने अंगावर आलेली गाडी, आडवं आलेलं जनावर अशा ठरावीक प्रकारच्या अपघातांसाठी 'डेटाक्यूज' या सरकारी पोर्टलवर पोलीस अहवाल जोडून अर्ज करता येतो. म्हणणं मान्य झालं तर नोंद पुसली जात नाही, पण 'टाळता न येण्याजोगा अपघात' असा शेरा तिच्यापुढे लागतो. तपासणीत दुसऱ्याच ड्रायव्हरचा दोष तुमच्या नावावर चढला असेल, तर त्याची तक्रारही इथेच करायची. पैसे लागत नाहीत.

दुसरा कागद एमव्हीआर, म्हणजे राज्याच्या लायसन्स खात्याकडची तुमची नोंद. मागच्या ३ वर्षांत ज्या ज्या राज्याचं लायसन्स तुमच्याकडे होतं, त्या प्रत्येक राज्यातून तो मागवा. कंपनीही तेच करते.

तिसरं क्लिअरिंगहाऊस, म्हणजे ड्रग आणि दारूच्या चाचण्यांची केंद्रीय नोंदवही. ती ६ जानेवारी २०२० पासून सुरू आहे. इथे खातं उघडूनच ठेवा, कारण नोकरीवर घेण्याआधी कंपनीला संपूर्ण चौकशी करावी लागते आणि तिला संमती तुम्ही तुमच्या खात्यातूनच देऊ शकता. खातं नसलं की सगळं तिथेच अडकतं. चाचणीत दोषी ठरल्याची किंवा चाचणी नाकारल्याची नोंद किमान ५ वर्षं राहते. पुन्हा कामावर येण्याची ठरलेली प्रक्रिया पूर्ण झाली नसेल, तर त्यानंतरही राहते. नोव्हेंबर २०२४ पासून तर अशा ड्रायव्हरचं सीडीएलच राज्य काढून घेतं.

चौथा कागद खाजगी. ड्रायव्हर त्याला 'डॅक' म्हणतात आणि हायरराइट ही कंपनी तो पुरवते. आधीच्या मालकांनी तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते इथे कळतं: नोकरी का सुटली, पुन्हा घेतील का, ट्रक वाटेत सोडून गेलात का. बारा महिन्यांतून एकदा तो फुकट मागता येतो. त्यातल्या मजकुरावर हरकत घेतली, की साधारण ३० दिवसांत त्याची शहानिशा करणं त्यांना बंधनकारक आहे. माझ्या मते चारांतला सगळ्यात काळजीपूर्वक वाचायचा कागद हाच. बाकीच्या तिघांमागे बहुतेक सरकारी कागद किंवा चाचणीचा निकाल असतो, इथे मात्र कोणाचं तरी मत असू शकतं.

मग अर्ज भरा

अर्जात मागच्या ३ वर्षांतले अपघात आणि नियमभंग लिहावे लागतात. सीडीएलच्या नोकरीसाठी कामाचा इतिहास १० वर्षांचा मागतात. चारही कागद समोर ठेवूनच तारखा भरा. तुम्ही मार्च लिहिलं आणि जुन्या कंपनीने जून कळवलं, तर तो निव्वळ विसराळूपणा होता हे पटवत बसावं लागतं. मध्ये सहा महिने घरी बसला असाल, तर तसंच लिहा. किरकोळ अपघात लपवण्याची युक्ती मात्र करू नका. अपघाताबद्दल विचारणारा सेफ्टी मॅनेजर बऱ्याचदा उत्तर समोर ठेवूनच विचारत असतो.

नवी कंपनी तुमच्या मागच्या ३ वर्षांतल्या मालकांकडे तुमच्या सुरक्षा-इतिहासाची चौकशी करते आणि त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे. नोकरी लागल्यापासून किंवा नकार आल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणी करा. उत्तर कंपनीच्या हातात असेल, तर ५ कामकाजाच्या दिवसांत तिने ते द्यायचं असतं. मजकूर चुकीचा असेल तर जुन्या मालकाला दुरुस्तीसाठी पत्र पाठवा. १५ दिवसांत तो दुरुस्ती करतो किंवा करणार नाही असं कळवतो. नाही म्हणाला, तर आपलं उलट म्हणणं लिहून द्या; ते त्या फाइलला जोडणं त्याला भाग आहे. फोनवर भांडून यातलं काहीच होत नाही.

अपघात झाला तर

गाडी थांबवा, हॅझर्ड दिवे लावा. जागा सोडून निघून जाणं हा सीडीएलवाल्यासाठी सगळ्यात महागडा मूर्खपणा: पहिल्याच खेपेला किमान एक वर्ष अपात्रता. जखमी असतील तर आधी ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन. पहिल्या १० मिनिटांत इशाऱ्याचे तीन चमकणारे त्रिकोण रस्त्यावर मांडायचे असतात. दुतर्फा रस्त्यावर एक गाडीजवळ साधारण १० फुटांवर, एक मागे १०० फुटांवर, एक पुढे १०० फुटांवर. दुभाजक असलेल्या रस्त्यावर तिन्ही मागेच: १०, १०० आणि २०० फूट. त्रिकोण मांडायला जाताना तो आपल्या अंगासमोर धरून चाला, म्हणजे येणाऱ्या गाड्यांना तुम्ही दिसाल.

मग कंपनीला फोन. 'हा अपघात कळवण्याइतका मोठा आहे का' हा हिशेब रस्त्याकडेला उभं राहून तुम्ही करू नका. एफएमसीएसएच्या व्याख्येत अपघात म्हणजे मृत्यू, किंवा जखमीला घटनास्थळापासून दूर नेऊन तातडीने उपचार, किंवा मोडतोडीमुळे एखादी गाडी टो करावी लागणं. नुसता टायर गेला किंवा हेडलाइट फुटला, तर ती या व्याख्येतली मोडतोड नव्हे. माल चढवताना-उतरवताना झालेली इजाही यात येत नाही. पण ही व्याख्या कंपनीच्या नोंदवहीसाठी आहे. तुमच्या कंपनीचा नियम बहुधा त्याहून कडक असतो, आणि ट्रक स्टॉपवर कोणाचा आरसा घासला तरी कळवा असं सांगतो. न कळवलेला आरसा पुढे 'अपघात लपवला' या शब्दांत फाइलमध्ये येतो, आणि ते शब्द आरशापेक्षा कितीतरी महाग पडतात.

अपघातानंतरच्या ड्रग-दारूच्या चाचणीचा भाग नीट समजून घ्या. मृत्यू झाला असेल तर ड्रायव्हरची चाचणी होतेच. कोणी जखमी झालं असेल किंवा गाडी टो झाली असेल, तर पोलिसांनी तुम्हाला तिकीट, म्हणजे नियमभंगाचं चलन, दिलं तरच. दारूची चाचणी २ तासांत व्हायला हवी. ८ तास उलटले की प्रयत्न थांबतो. ड्रगसाठी मर्यादा ३२ तास. चाचणी होईपर्यंत किंवा ८ तास उलटेपर्यंत दारूला हात लावायचा नाही आणि संपर्काबाहेर जायचं नाही. उपचारासाठी किंवा मदत आणायला गेलात तर हरकत नाही, पण तसं न सांगता गायब झालात तर चाचणी नाकारली असं धरता येतं, आणि ती नोंद थेट क्लिअरिंगहाऊसमध्ये जाते.

वाट पाहताना फोटो काढा: दोन्ही गाड्यांच्या नंबरप्लेट, टायरच्या खुणा, सिग्नल, रस्ता ओला होता की कोरडा, आणि गाड्या हलवण्याआधीची त्यांची जागा. साक्षीदारांची नावं आणि फोन नंबर घ्या. पोलिसांना घडलं तेवढं सांगा. समोरच्याशी 'माझंच चुकलं' किंवा 'तुझंच चुकलं' यात पडू नका. अंदाज तर अजिबात सांगू नका. वेग आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा.

घरी पोचल्यावर काम संपत नाही. त्याच रात्री घडलेलं सगळं क्रमाने लिहून ठेवा आणि पोलीस अहवालाचा क्रमांक त्यावर टाका. अहवाल तयार झाला की त्याची प्रत घ्या. डेटाक्यूजवर तिच्याशिवाय तुमचं म्हणणं पुढे सरकणार नाही. कंपनी अपघाताची नोंद ३ वर्षं जपते, पण ई-लॉगचा, म्हणजे ड्रायव्हरच्या कामाच्या तासांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीचा, तपशील ६ महिनेच. तेवढ्या काळात तुमचा लॉग पाहू देणं तिला नाकारता येत नाही. तेव्हा अपघाताच्या आठवड्याचा लॉग आणि डॅशकॅमचं चित्रण लगेच लेखी मागून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी पीएसपी अहवालासाठी पुन्हा १० डॉलर भरा आणि तुमच्या नावापुढे नेमकं काय चढलंय ते पाहा.