टीजीएमध्ये 28 दिवसांच्या सिमेंट पेस्टचं पोर्टलँडाइट 7 दिवसांपेक्षा कमी येत होतं : माझा अनुभव

टीजीए म्हणजे नमुना तापवत त्याच्या वजनातली घट मोजणारी चाचणी; पोर्टलँडाइट म्हणजे सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेत (हायड्रेशन) तयार होणारं कॅल्शियम हायड्रॉक्साइड. माझं सिमेंट साधं ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंट), पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.4. हायड्रेशन वाढतंय तर पोर्टलँडाइट वाढायला हवं. माझं घटत होतं, आणि 600 ते 800 अंशांमधली वजनातली घट (कार्बोनेट मोडण्याची) मात्र फुगत होती. नायट्रोजनचा सिलिंडर बदलला, तापवण्याचा वेग कमी केला, क्रूसिबल बदललं. तीन आठवडे पाण्यात गेले.

दोष यंत्रात नव्हताच. मी पेस्ट कुटून 105 अंशांवर रात्रभर वाळवायचो आणि भुकटी उघड्या बशीत ठेवायचो. ती हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत होती, आणि पोर्टलँडाइटचं कार्बोनेट होत होतं. शिवाय 105 अंशांना एट्रिंजाइटही (हायड्रेशनमधलंच आणखी एक संयुग) मोडतं, ते वेगळंच.

आता असं करतो. पेस्ट 1 मिमीपेक्षा बारीक करायची, पण झटपट. त्यातली 3 ग्रॅम 100 मिली आयसोप्रोपॅनॉलमध्ये 15 मिनिटं ठेवायची, म्हणजे मोकळं पाणी निघून हायड्रेशन थांबतं. व्हॅक्यूमवर गाळायची, गाळणीवरच आधी आयसोप्रोपॅनॉलने, मग डायइथिल इथरने धुवायची (फ्यूम हूडमध्येच, इथर भयंकर पेटतं). 40 अंशांवर, हवा खेळती असलेल्या ओव्हनमध्ये 8 मिनिटं. लगेच व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये, आणि टीजीए शक्यतो त्याच दिवशी.

400 ते 500 अंशांमधली घट (पोर्टलँडाइटचं पाणी जाण्याची) आलेखाच्या पायरीच्या आधी-नंतर स्पर्शिका काढूनच मोजा; दोन तापमानांच्या वजनांची सरळ वजाबाकी केली तर सी-एस-एचचं (कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट) पाणीही त्यात येतं. ती घट गुणिले 74/18 (पोर्टलँडाइट आणि पाणी यांच्या रेणुभारांचं गुणोत्तर) म्हणजे पोर्टलँडाइट. आता 28 दिवसांचा आकडा 7 दिवसांच्या आकड्यापेक्षा वर येतो, आणि आलेखातला कार्बोनेटचा खड्डा जेमतेम दिसतो.