ठाण्यातून व्हॅलेन्सियाला एका सेमिस्टरसाठी जाताय? आधी हे उरका

स्पेनमध्ये एक सेमिस्टर म्हणजे हातात जेमतेम पाच महिने असतात, त्यातला दीड महिना कागदपत्रं, घर शोधणं आणि इंग्लिश बोलणाऱ्या पोरांच्या घोळक्यात गेला तर स्पॅनिश येणार कधी? म्हणून माझं म्हणणं एकच, जेवढी कंटाळवाणी कामं आहेत ती सगळी ठाण्यात बसूनच संपवायची. मी व्हॅलेन्सियाबद्दल लिहितेय, पण व्हिसाचं वगैरे स्पेनमध्ये कुठेही जा, सेमच.

पहिलं काम, एचओडींना भेटा. तिकडचं पहिलं सेमिस्टर साधारण सप्टेंबर ते जानेवारी आणि दुसरं फेब्रुवारी ते जून, आपल्या मुंबई युनिव्हर्सिटीच्या कॅलेंडरशी याचा काही मेळ नाही, त्यामुळे कुठलंही घेतलंत तरी इकडच्या दोन सेमिस्टरना थोडा थोडा धक्का बसणारच. तिकडच्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर प्रत्येक विषयाचा सिलॅबस असतो, 'गिया दोसेन्ते' म्हणतात त्याला, त्याची प्रिंट घेऊन जा आणि इकडे कुठल्या विषयाचे क्रेडिट धरणार ते लेखी घ्या. "बघू, करू आपण" हे उत्तर घेऊन केबिनमधून बाहेर पडायचं नाही. तिकडे फुल लोड म्हणजे सेमिस्टरला 30 ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), आणि मार्क 10 पैकी, 5 ला पास.

आता व्हिसा. मुक्काम 180 दिवसांच्या आत बसत असेल तर तसाच बसवा, कारण त्याच्या पुढे गेलात की पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल सर्टिफिकेट लागतं, वर तिकडे पोचल्यावर महिन्याभरात टीआयई कार्डसाठी (परदेशी लोकांचं तिकडचं ओळखपत्र) अर्ज करायचा आणि त्याची अपॉइंटमेंट मिळवणं म्हणजे तत्काळ तिकिटासारखं, साइट उघडेपर्यंत स्लॉट गायब. पूर्ण वर्ष जाणार असाल तर इलाज नाही, पोलीस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवाच्या साइटवर अर्ज करा, केंद्र आपल्या वागळे इस्टेटलाच आहे, मग त्यावर अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) आणि स्पॅनिशमध्ये अधिकृत भाषांतर. यात नुसते आठवडेच्या आठवडे जातात. बँकेत महिन्याला 100 टक्के आयप्रेम (स्पेन सरकारने ठरवलेला उत्पन्नाचा मापदंड) एवढे पैसे दाखवावे लागतात, गेली काही वर्षं तो आकडा 600 युरो आहे. पण 600 मध्ये व्हॅलेन्सियात खोली, खाणंपिणं आणि हिंडणं सगळं बसेल असं समजू नका, ते फक्त व्हिसापुरतं. फाइल निदान दोन महिने आधी पडली पाहिजे.

विषय निवडताना एक गोष्ट नीट बघा, ही बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. व्हॅलेन्सियात स्पॅनिशबरोबर व्हॅलेन्सियन ही पण अधिकृत भाषा आहे आणि युनिव्हर्सिटीत काही ग्रुप चक्क त्या भाषेत शिकवतात. टाइमटेबल सोयीचं दिसलं म्हणून टिक केलं आणि पहिल्या लेक्चरला कळलं की सर स्पॅनिश बोलतच नाहीयेत, असं नको. ग्रुपची भाषा साइटवर दिलेली असते.

तुमचं स्पॅनिश निदान बी1 पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत न्या, ऑनलाइन क्लास भरपूर आहेत. पण क्लासमधली बाई सावकाश बोलते, तिकडे कोणी तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून लोकलमध्ये उभ्या उभ्या स्पेनचा रेडिओ ऐका, अर्धं कळलं नाही तरी चालेल. फोन नंबर आणि तारखा कानाला सरावल्या पाहिजेत, घरमालकाचा फोन आल्यावर तेच लागतं.

घर बेनिमाक्लेत भागात बघा, कॅम्पस जवळ, मुलांची वस्ती, मेट्रो आहे. फ्लॅटमेट स्पॅनिश हवेत, ही माझी अट समजा. आपल्याकडची दोन-तीन मुलं मिळून घर घेतलंत तर वरणभात मिळेल पण भाषा राहील तिथेच. खोली कुणी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका, सुरुवातीला थोडे दिवस हॉस्टेलमध्ये राहून शोधा. आणि हिवाळ्यात बाहेर मस्त ऊन असतं पण बऱ्याच जुन्या फ्लॅटमध्ये हीटिंग नसतं, घरात स्वेटर घालून बसावं लागतं, तेवढं विचारून घ्या.

खाण्याचं. मामलेदारची मिसळ खाऊन वाढलेल्यांना तिकडचं जेवण सपक लागणार, तिखट डब्यात भरून न्या. मात्र तूप, पेढे, दुधाचं आणि मटणाचं काहीही बॅगेत नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे (आईला हे पटवणं व्हिसापेक्षा अवघड). व्हेज असाल तर नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, सॅलडमध्ये ट्यूना येतो, भाजीत हॅमचे तुकडे येतात, एकेक नाव घेऊन नको म्हणा. अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात (तिकडचा भाताचा प्रकार) चिकन आणि ससा असतो. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर, रविवारी बरीच सुपरमार्केट बंद, म्हणजे शनिवारीच सामान भरायचं.

फेब्रुवारीत गेलात तर फायास, म्हणजे व्हॅलेन्सियाचा मार्चमधला मोठा उत्सव, मिळेल आणि त्यासाठी मी तरी दुसरंच सेमिस्टर घेईन. 1 ते 19 मार्च रोज दुपारी दोन वाजता टाउन हॉलच्या चौकात फटाक्यांची मास्क्लेता, टेंभी नाक्याच्या हंडीत वाढलेल्यांचे पण कान बधिर होतात. 19 च्या रात्री रस्त्यारस्त्यांतले प्रचंड पुतळे जाळतात. शेवटच्या चार-पाच दिवसांत झोप आणि अभ्यास दोन्ही विसरा, असाइनमेंट आधीच टाकून मोकळे व्हा.

बँकेचे ओटीपी इकडच्या नंबरवर येतात, तेव्हा सिम बंद पडू देऊ नका, निघण्याआधी रोमिंग चालू करून घ्या. घरी फोन करायचा तर तिकडच्या दुपारी अडीचला करा, हिवाळ्यात तेव्हा इकडे संध्याकाळचे सात असतात, मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर सहा. रात्री जेवून फोन केलात तर घरचे झोपेतून दचकून उठतील.

परत निघण्याआधी तिकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारून ठेवा की मार्कशीट कधी आणि कशी येणार, सहीशिक्क्याची पीडीएफ तुमच्या कॉलेजला थेट ईमेल करायला सांगा आणि सीसीमध्ये स्वतःला टाकायला लावा.