थारला पुढे सॉलिड ॲक्सल टाकायचाय? आधी टेप घ्या, मग भंगारवाल्याकडे जा

पहिलं सांगतो, सॉलिड ॲक्सल म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा, पण त्याच्या नावावरून सुरुवात करू नका. डाना 44 टाकू का 60 (डाना ही अमेरिकन ॲक्सल कंपनी, 60 जास्त जड) हा प्रश्न शेवटचा आहे, पण सगळे तिथूनच सुरू करतात आणि मग गाडी महिनोन्महिने गॅरेजच्या कोपऱ्यात ठोकळ्यांवर उभी. टायर किती इंची लावणार, मागचा ॲक्सल कुठला आहे, ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) पुढचा आउटपुट कुठल्या बाजूला निघतो, एवढं कळलं की निम्मे पर्याय तिथेच गळतात.

मी इथे जुनी सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनवाली) थार धरतोय, 2010 ते 2020 वाली. महिंद्राचा प्लांटच गावात म्हटल्यावर नाशकात या गाड्यांना तोटा नाही. तिला पुढे टॉर्शन बारवालं (पिळणाऱ्या सळीचं) इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलतं, आणि मागे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) सॉलिड ॲक्सल. जुनी बोलेरो किंवा स्कॉर्पिओ फोर बाय फोर असेल तरी विचार साधारण हाच. नवीन 2020 नंतरची थार असेल तर मात्र राहू द्या राव, एबीएस आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या भानगडीत ते काम दुपटीने वाढतं.

मुळात गरज आहे का ते बघा. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरचा चिखल, दिंडोरीकडचे शेतरस्ते, पावसाळ्यात त्र्यंबकच्या पुढचा निसरडा घाट, यासाठी सॉलिड ॲक्सल लागत नाही, चांगले मड टायर, मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) आणि एक विंच (गाडी दोराने ओढणारी) घेतली तरी भरपूर झालं. फायदा होतो कातळावर. इगतपुरी, हर्सूल बाजूच्या ओढ्यांत काळ्या दगडाच्या पायऱ्या असतात ना, तिथे एक चाक वर गेलं की सॉलिड ॲक्सल दुसरं चाक खाली दाबतो, ग्रिप सुटत नाही. शिवाय सस्पेन्शन दबलं तरी डिफखालची (ॲक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याखालची) जागा तेवढीच राहते, इंडिपेंडंटमध्ये गाडी बसली की पोटही खाली येतं. आणि टॉर्शन बार पिळून गाडी उंच केली असेल तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, सीव्ही जॉइंटचे (चाकाला ताकद देणाऱ्या सांध्याचे) रबरी बूट फाटतात ते वेगळं. पण हेही ऐका की पुढे जड ॲक्सल आला की मुंबई हायवेला शंभरच्या पुढे गाडीत बसायची मजा जाते. रोज ऑफिसला त्याच गाडीने जाणार असाल तर घरच्यांना विचारून घ्या.

आता बाजू. गाडीखाली झोपा आणि ट्रान्सफर केसमधून पुढे येणारा शाफ्ट डावीकडे आहे का उजवीकडे ते स्वतः बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. ॲक्सलचा डिफ त्याच बाजूला पाहिजे, नाहीतर शाफ्ट इंजिनच्या खालून तिरपा न्यावा लागतो, म्हणजे नेताच येत नाही. इथे एक मोठा सापळा आहे. अमेरिकेतले लोक जेव्हा ड्रायव्हर साइड म्हणतात तेव्हा त्यांना डावी बाजू म्हणायची असते, आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्यामुळे 1978-79 च्या फोर्डचा ॲक्सल डावीकडच्या डिफचा, विलीसचा (जुनी अमेरिकन जीप) उजवीकडचा, जुन्या शेवरोले पिकअपचाही उजवीकडचा, असं डावं-उजवं लिहून ठेवा आणि ड्रायव्हर हा शब्द डोक्यातून काढून टाका.

रुंदी हबच्या त्या तोंडापासून मोजायची जिथे रिम टेकते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हाऊसिंगची लांबी मोजून काही उपयोग नाही. सीआरडीई थारचा पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) मुळातच मागच्यापेक्षा साधारण दहा सेंमी रुंद आहे, त्यामुळे मागच्याला मॅच करायचं की पुढच्याला हे आधी ठरवा. माझं मत, मागच्याच्या जवळ जा किंवा मग दोन्ही ॲक्सल एकाच गाडीचे घ्या. एक-दोन सेंमीचा फरक चालतो. मोठ्या अमेरिकन पिकअपचा ॲक्सल तसाच लावला तर टायर फेंडरबाहेर इतके येतात की चिखल थेट आरशावर.

रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला पिनियन (शाफ्टला जोडलेला छोटा गिअर) किती फिरतो, तो पुढे-मागे एकच पाहिजे, यात तडजोड नाही. विलीस एमबीला 4.88 यायचा आणि सीजे-3बीला 5.38, भंगारात दोन्ही एकसारखे दिसतात, एक पुढे आणि एक मागे लावून फोर व्हील टाकली की जवळपास दहा टक्के फरकाने दोन ॲक्सल एकमेकांना ओढत बसतात आणि कोरड्या रस्त्यावर काहीतरी तुटणारच. विकणाऱ्याला विचारू नका, मोजा: ॲक्सल जमिनीवर असेल तर एका बाजूचा हब कोणाला तरी घट्ट धरायला लावा, दुसऱ्या बाजूचा बरोब्बर दोन फेरे फिरवा आणि पिनियन किती फिरला ते खडूची खूण करून बघा. पाचला थोडा कमी म्हणजे 4.88, पाच आणि एक तृतीयांशच्या किंचित वर म्हणजे 5.38. झाकण उघडता आलं तर क्राऊनचे (मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे दात, 39 भागिले 8, 43 भागिले 8. नाही जुळला तर क्राऊन-पिनियन बदलावं लागतं, तो खर्च ॲक्सलच्या किमतीत आधीच धरा.

मग घ्यायचा कुठला. आपल्याकडे सगळ्यात सोपा म्हणजे जुन्या महिंद्रा जीपचा, एमएम540, मेजर, कमांडर वगैरे. पाट्यांवर बसतो, वेल्डरला ओळखीचा आहे, आणि पेठ-सुरगाणा पट्ट्यात या जीपा इतकी वर्षं पळाल्यात की बेअरिंग, किंगपिन, सील शोधायला लांब जावं लागत नाही. पण तो नाजूक आहे, 31 इंची टायरपर्यंत ठीक, त्यावर लॉकर टाकून 33 वर उड्या मारल्या तर शाफ्ट हातात येईल. जिप्सीचा ॲक्सल छान असतो पण तो टनाच्या आत-बाहेरच्या गाडीसाठी बनलाय, थार दीड टनाच्या वर जाते, त्यामुळे माझ्याकडून नको. जोंगाचा, म्हणजे जबलपूरच्या कारखान्यात बनायची ती निसान पॅट्रोल 60, तो मजबूत आहे, सैन्याच्या लिलावातून आलेला माल मिळतो, पण पार्ट शोधताना घाम निघतो. बाहेरून मागवायचा असेल तर डाना 44 हा मधला मार्ग, आठ इंचाच्या वरचा क्राऊन, आत साधारण 30 स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचांचे) शाफ्ट, 35 इंची टायरपर्यंत बिनधास्त. डाना 60 म्हणजे 35 स्प्लाइन, पावणेदहा इंचाचा क्राऊन, 37 आणि पुढचे टायर. थारला तो म्हणजे टपरीला बंगल्याचा दरवाजा, डिफ इतका मोठा की दगडावर तोच आधी टेकतो. टोयोटाचा 1979 ते 85 चा हायलक्सवाला आठ इंची ॲक्सलही उत्तम, पण त्याला सहा नट, महिंद्राला पाच, म्हणजे रिम बदला नाहीतर मागचाही बदला.

माझा कौल असा आहे की 33 च्या वर जायचं नसेल तर ज्याचं सील नाशकात शनिवारी संध्याकाळी मिळतं तोच ॲक्सल घ्या.

घेताना हाऊसिंग दोरी लावून सरळ आहे का बघा, वाकलेला ॲक्सल टायर खातो. ऑइल काढून बोटावर घ्या, चमकणारी पूड ठीक, तुकडे दिसले तर पुढे चला. दुधासारखं असेल तर पाणी गेलंय, बेअरिंगचे पैसे कापून घ्या. नकल (जिच्यावर चाक वळतं तो भाग) डावी-उजवी हलवून अटकते का ते पण.

आता स्टिअरिंग, इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. रॅक असेल तर तो जातो, सॉलिड ॲक्सलवर स्टिअरिंग बॉक्सच लागतो. आपला बॉक्स उजवीकडे, म्हणून ड्रॅग लिंक (बॉक्सपासून नकलपर्यंतचा दांडा) तिथून आडवी डाव्या नकलपर्यंत न्यायची, जेवढी लांब आणि आडवी तेवढी चांगली. अमेरिकन ॲक्सलला तो आर्म उजव्या नकलवर असतो, डावीकडे बनवून घ्यावा लागतो, हे विकत घ्यायच्या आधी बघा, नंतर नाही. कॉइल लावणार असाल तर पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा) ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्यतो तेवढ्याच लांबीचा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळणार. पाट्यांना हा रॉड बहुतेक वेळा लागत नाही, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने पाटेच घ्यावेत, दिसायला साधे पण चुकायला जागा कमी.

कॅस्टर (चाक वळायच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) पाच ते सात डिग्रीच्या आसपास ठेवा. अडचण अशी की कॅस्टर वाढवायला ॲक्सल मागे झुकवला की पिनियन खाली बघायला लागतो आणि पुढच्या शाफ्टचा कोन बिघडतो, म्हणून पाट्यांच्या बैठका आधी नुसत्या टाचून घ्या, गाडी पूर्ण वजनासह टायरवर उभी करा, दोन्ही कोन मोजा आणि मगच पक्कं वेल्डिंग. बैठका ट्यूबवर वेल्ड करायच्या, मधल्या कास्टिंगवर साधी वेल्डिंग टिकत नाही. अंबड किंवा सातपूरला फॅब्रिकेशनवाले खूप आहेत, त्यातला जो कोन मोजायचं यंत्र स्वतःहून काढतो त्याला काम द्या.

ब्रेकचं विसरू नका, डिस्कचा कॅलिपर बदलला की मास्टर सिलेंडर पुरतो का बघा, होज ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळला तरी ताणला जाता कामा नये. ऑइल सम्प (इंजिनखालची ऑइलची टाकी) आणि ॲक्सलमध्ये जागा किती ते बंप स्टॉप (ॲक्सल वर आदळू न देणारा रबर) दबलेला असताना मोजा.

कागदाचं पण. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलंय, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून हाऊसिंग विकत घ्यायच्या आधी पेठ रोडला आरटीओत जाऊन लेखी विचारा, विमा कंपनीलाही विचारा. परवानगी मिळत नसेल तर गाडी फक्त खासगी जागेतल्या ट्रेलसाठी ठेवून ट्रकवर घालून नेणारे लोक आहेत, त्यांचा खर्च वेगळा.

लागला ॲक्सल की पहिल्या दिवशी दगडावर जाऊ नका. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टायर पाट्याला घासतो का, होज अडकतो का ते बघा, मग मोकळ्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवा, ठराविक वेगाला हँडल थरथरायला लागलं तर बुश आणि टाय रॉडचे सांधे तपासा, स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा शॉक) लावून ते झाकू नका. थोडं पळवून आणल्यावर यू-बोल्ट पुन्हा टाईट करा, नवीन पाटे बसतात आणि ते सैल होतातच.