परदेशातल्या शॉपिंगचा टॅक्स रिफंड हवाय? मग या चुका टाळा

दुकानावर 'टॅक्स फ्री'ची पाटी दिसली की बऱ्याच जणांना वाटतं बिलातूनच टॅक्स वजा होणार, आणि मग पूर्ण पैसे मागितले की काउंटरवर वाद. युरोपात साधारण असं चालतं: तुम्ही टॅक्ससकट पूर्ण पैसे भरता, दुकानदार पासपोर्ट बघून फॉर्म काढून देतो, निघताना कस्टम्सवाले माल खरंच बाहेर चाललाय का ते बघून शिक्का मारतात किंवा कॉम्प्युटरवर मंजुरी देतात, आणि मग ग्लोबल ब्लू किंवा प्लॅनेटसारखी एजन्सी पैसे परत करते. रिफंड बुडतो तो बहुतेक वेळा कस्टम्सपाशी. दुकानात सगळं सुरळीत झालेलं असतं, म्हणून माणूस बेसावध राहतो.

आधी बॅगा, मग शिक्का

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. एअरपोर्टला पोचले, बॅगा बेल्टवर टाकल्या, बोर्डिंग पास घेतला आणि मग आठवलं की रिफंडचा फॉर्म आहे! हे वरातीमागून घोडं. कस्टम्सचा ऑफिसर म्हणू शकतो की ही पर्स दाखवा, आणि पर्स तर केव्हाच विमानाच्या पोटात गेलेली असते. चेक-इन बॅगेत वस्तू असेल तर चेक-इन काउंटरवर आधी सांगा, ते टॅग लावून बॅग परत देतात, ती कस्टम्सला दाखवायची आणि मग सोडायची. घेतलेल्या वस्तू एकाच बॅगेत, वरच्या थरात, शक्यतो लेबलसकट ठेवा, नाहीतर रांगेत सगळ्यांसमोर मळके कपडे उपसत बसाल. आणि नवे बूट घालून मिरवत एअरपोर्टला जाऊ नका, वापरलेल्या मालावर ते नाही म्हणू शकतात.

फ्रान्समध्ये पाब्लो नावाची मशीन्स असतात. फॉर्मवरचा बारकोड स्कॅन केला आणि हिरवी स्क्रीन आली की काम झालं, वेगळा शिक्का लागत नाही. लाल आली तर घाबरायचं नाही पण तसंच पुढेही जायचं नाही, बाजूच्या कस्टम्सच्या खिडकीवर जायचं. लोक लाल स्क्रीन बघून वैतागून गेट गाठतात आणि नंतर एजन्सीला मेल करत बसतात, त्याचा उपयोग होत नाही कारण मंजुरी कस्टम्सची लागते, एजन्सीची नाही.

शिक्का नक्की कुठे?

शिक्का युरोपियन युनियनमधून शेवटचं बाहेर पडता तिथे, खरेदी केली त्या देशात असेलच असं नाही. म्हणजे रोमहून फ्रँकफर्टमार्गे निघालात तर हँडबॅगेतल्या वस्तूंचं काम फ्रँकफर्टला, पण रोमलाच शेवटपर्यंत चेक-इन केलेल्या बॅगेतल्या वस्तूंचं काम रोमलाच. हे नीट वाचा, कारण दोन्ही बॅगांत माल असेल तर दोन ठिकाणी थांबावं लागतं आणि ट्रान्झिटला वेळ कमी असेल तर घोटाळा होतो.

आता स्वित्झर्लंड. पॅरिसला खरेदी, मग ट्रेनने स्वित्झर्लंड आणि परतीचं विमान झुरिकहून, असा प्लॅन खूप जणांचा असतो. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, शेंगेनचा (बऱ्याच युरोपीय देशांना मिळून चालणारा) व्हिसा एकच असला तरी. त्यामुळे फ्रेंच फॉर्मचं काम फ्रान्सची हद्द सोडतानाच करायला हवं, झुरिक एअरपोर्टवरचे स्विस कस्टम्सवाले त्यावर शिक्का देत नाहीत. ट्रेन तर कुठेच तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून निघायच्या स्टेशनवर किंवा सीमेवर कस्टम्स ऑफिस कुठे आहे, किती वाजेपर्यंत उघडं असतं हे आधीच बघा. जमणार नसेल तर सरळ मोठी खरेदी स्वित्झर्लंडमध्येच करा, तिथली स्कीम वेगळी आहे आणि एका दुकानात किमान ३०० फ्रँकची खरेदी लागते.

काउंटरवरच तपासा

फॉर्म हातात आला की तिथेच उभं राहून पासपोर्ट नंबर, नाव आणि देश वाचा. एक आकडा चुकला तरी अडकतं, आणि तो दुरुस्त करायला दुकानच लागतं. फॉर्म खरेदी करणाऱ्या टुरिस्टच्या नावावरच हवा. तिथे राहणाऱ्या नातेवाईकाने आपल्या नावावर काढला तर चालत नाही, कारण नुसता पासपोर्ट नाही तर तुम्ही राहता कुठे हे बघतात. हॉटेल, जेवण, टॅक्सी यांचा टॅक्स परत मिळत नाही, उगाच ती बिलं जमवू नका.

किमान रकमाही बघा: फ्रान्समध्ये १०० युरोच्या वर, इटलीत २०२४ पासून ७० च्या वर, जर्मनीत ५० च्या वर, स्पेनमध्ये किमान मर्यादाच नाही. ब्रिटनने ही सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद केली (उत्तर आयर्लंड सोडून), तरी लंडनच्या दुकानात फॉर्म मागणारे अजून आहेतच. अमेरिकेत टॅक्स राज्याराज्यांचा, आणि टेक्सससारखे अपवाद सोडले तर परत मिळत नाही.

२० टक्के व्हॅट म्हणजे २० टक्के परत नव्हे

व्हॅट म्हणजे वस्तूच्या किमतीत धरलेला हाच टॅक्स. १२० युरोच्या वस्तूत तो २० युरो, म्हणजे बिलाच्या १६.६७ टक्के. त्यातून एजन्सीचं कमिशन जातं, त्यामुळे फ्रान्समध्ये हातात साधारण १२ टक्क्यांच्या आसपास पडतात. एअरपोर्टवर कॅश घेतली तर आणखी फी कापतात, आणि तुमच्या चलनात घेतली तर रेटही त्यांचाच. घाई नसेल तर कार्डवर घ्या, फक्त ते कार्ड पैसे येईपर्यंत बंद करू नका.

ऑस्ट्रेलियात क्रम उलटा

ऑस्ट्रेलियात रिफंडचं काउंटर पासपोर्ट कंट्रोल ओलांडल्यावर असतं, विमानाच्या वेळेच्या किमान ३० मिनिटं आधी तिथे पोचावं लागतं, एकाच विक्रेत्याकडे ३०० ऑस्ट्रेलियन डॉलरची खरेदी लागते आणि तीही निघण्याआधीच्या ६० दिवसांतली. माल मोठा असेल किंवा त्यात लिक्विड असेल तर मात्र तो चेक-इनआधीच दाखवून घ्यायचा. सिंगापूरला १०० सिंगापूर डॉलर पुरतात आणि सगळं पासपोर्टवर इलेक्ट्रॉनिक होतं. जपानमध्ये दुकानातच टॅक्स कापायची पद्धत होती, ती १ नोव्हेंबर २०२६ पासून निघताना रिफंड अशी होते, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून जाऊ नका.

पैसे आलेच नाहीत तर

शिक्का मारलेल्या फॉर्मचा दोन्ही बाजूंनी फोटो काढूनच तो एजन्सीच्या पेटीत टाका, कारण नंतर एजन्सी पहिला प्रश्न फॉर्म नंबरचाच विचारते. त्यांच्या साइटवर तो नंबर टाकला की स्टेटस दिसतं. तिथे मंजुरीच दिसत नसेल तर फोटो जोडून तक्रार करा, आणि मंजुरी असून पैसे नसतील तर आधी कार्ड नंबर बरोबर लिहिला होता का ते बघा. युरोपियन युनियनमध्ये खरेदीच्या महिन्यानंतरचे तीन महिने संपायच्या आत माल बाहेर जावा लागतो, ती मुदत उलटून गेली असेल तर मात्र भांडत बसू नका.