ट्री सॅडलचं कापड निवडताना या चुका टाळा

ट्री सॅडल म्हणजे शिकारीला दबा धरताना झाडाच्या खोडाला दोराने अडकवून उंचावर बसायची, कमरेला बांधायची झोळी. ती स्वतः शिवायला घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे कापड माझं वजन पेलेल का?" मीही सुरुवातीला दुकानात कापड दोन्ही हातांनी ताणून हेच बघायचो. बऱ्याच सॅडल शिवून आणि त्याहून जास्त उसवून झाल्यावर कळलं, की जीव सांभाळायचं काम कापडावर टाकायचंच नसतं. ते काम पट्ट्याचं, म्हणजे वेबिंगचं, आणि त्यावरच्या शिवणीचं. कापड तुमचा भार अंगाखाली पसरवतं. झाडावर तुम्ही वीस मिनिटं बसणार की चार तास, ते कापड ठरवतं. ही दोन कामं डोक्यात वेगळी नसली की पुढच्या बहुतेक चुका होतात.

त्याआधी एक गोष्ट. गिर्यारोहणाचा बैठा हार्नेस युरोपातल्या ईएन १२२७७ या मानकाप्रमाणे १५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टन वजनाइतका ताण देऊन तपासतात. घरच्या मशीनवर शिवलेल्या सॅडलची अशी तपासणी कोणी केलेली नसते. जाड पट्टे शिवायचा हात बसलेला नसेल, तर तपासलेली, प्रमाणित सॅडल विकत घ्या. खालच्या गोष्टी ती निवडतानाही उपयोगी पडतील.

पट्टा कापडाच्या कोपऱ्यावरच संपवणं

ही सगळ्यात घातक चूक. ब्रिज म्हणजे सॅडलच्या दोन बाजू जोडणारा, झाडाच्या दोराला अडकवायचा आखूड दोर. तो अडकवायचे दोन फास कापडाच्या दोन कोपऱ्यांना शिवले की सॅडल दिसायला पूर्ण दिसते, पण मधला सगळा भार कापडावर येतो. पट्टा एका फासापासून दुसऱ्या फासापर्यंत, पाठीमागून, अखंड गेला पाहिजे. मी आराखडा बघताना स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे कापड कुणी मधोमध वरपासून खालपर्यंत कात्रीने कापलं, तर मी खाली पडेन का? उत्तर "हो" आलं, तर कापड कितीही भारी असो, तो आराखडा मी बाजूला ठेवतो.

दुसरी फसगत पट्ट्याच्या धाग्यात होते. पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा लांबून नायलॉनसारखाच दिसतो आणि स्वस्तही असतो. पण तो १६५ अंशांच्या आसपासच वितळतो, त्यामुळे दोर घासून तापला की लवकर हार खातो, आणि उन्हात फार लवकर ठिसूळ होतो. ओळखायची सोपी रीत आहे. पट्ट्याचा बोटभर तुकडा साबणाच्या पाण्यात चिरडून आतली हवा काढा आणि सोडून द्या. नायलॉन आणि पॉलिएस्टर पाण्याहून जड, ते तळाला जातात. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं.

डेनियरचा आकडा बघून भुलणं

९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. एवढंच. धागा किती जाड आहे ते या आकड्यावरून कळतं. तो कशाचा आहे, वीण कशी आहे, मागे लेप कसला आहे, यातलं काही कळत नाही. तरी लोक १००० डेनियर बघून निश्चिंत होतात.

मीही झालो होतो. जाड, मागून लेप दिलेलं कापड घेतलं, पट्टे नीट फिरवले, शिवण पक्की केली. दुकानात ते कापड अगदी गप्प होतं. पहाटेच्या थंडीत लेप कडक झाला. दोन तास हललो नव्हतो. पायाला मुंग्या आल्या म्हणून वजन जेमतेम एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं, आणि कमरेखालचं कापड सालीवर घासून 'चर्र' झालं. समोरच्या हरणाचे कान आधी वळले, मग मान, मग ते दिसेनासं झालं. अंगावर धनुष्य घेऊन इतका वेळ दम धरायचा आणि कापडाने चुगली करायची, याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून कापड घ्यायच्या आधी मी वीतभर तुकडा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतो. सकाळी काढल्या काढल्या कानाशी धरून नखाने खरवडतो, मग मुठीत चुरगाळतो. जे कुरकुरतं ते पिशव्यांसाठी ठेवून देतो. माझ्या अनुभवात ५०० डेनियरचं मऊ पडलेलं नायलॉन या कामाला बहुतेक वेळा पुरतं. लेप असलाच तर तो आतल्या बाजूला घ्यावा. पॉलियुरेथेनचा लेप दमट जागी वर्षानुवर्षं पडून राहिला की चिकट होऊन सोलायला लागतो, हेही ध्यानात ठेवा.

उलट टोकाला, झोपायच्या झोळीचं पातळ ७० डेनियरचं रिपस्टॉप (फाट पसरू नये म्हणून चौकटीची वीण असलेलं कापड) घेणारेही आहेत. ते हलकं असतं, खिशात मावतं. पण बसल्यावर गोळा होऊन दोरीसारखं मांडीत रुततं आणि खरबरीत सालीवर लवकर विरतं.

नायलॉन आणि पॉलिएस्टर एकच समजणं

नायलॉन ओलावा पितं. साध्या दमट हवेतही ते वजनाच्या सुमारे ४ टक्के पाणी धरतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. भिजलेलं नायलॉन सैल पडतं आणि त्याची ताकद १० ते १५ टक्क्यांनी घटते. सकाळी मापात बसलेली सॅडल पावसानंतर खाली सरकल्यासारखी वाटली तर आधी इथे शोधा. ऊन मात्र पॉलिएस्टर जास्त सोसतं. घासणं आणि झटका नायलॉन जास्त सोसतं. म्हणून खोडाला लागणारी बाजू मी नायलॉनची करतो. सतत पावसात बसणाऱ्याने पॉलिएस्टरचा विचार करावा.

जाळीचं कापडही चांगलं असतं: हलकं, पाणी न धरणारं, उकाड्यात सुखाचं. पण ताणलं जाणारं विणीचं कापड जाळी म्हणून घेऊ नका, न ताणणारी जाळीच घ्या. शिवाय कुसळं. गवतातून चालत झाडापर्यंत गेलात की जाळीत इतकी कुसळं रुततात, की बसल्यावर ती काढत बसावं लागतं. कडाक्याच्या वाऱ्यात जाळी अंगाला थंडही लागते.

उरेब कापणं

कापड वाचवायला तुकडा तिरका बसवला की शिंप्याला जे कळतं ते आपल्याला झाडावर कळतं: उरेब कापलेलं कापड लांबतं. कापडाचा उभा धागा एका फासाकडून दुसऱ्या फासाकडे, म्हणजे कमरेला आडवा, जायला हवा. नाहीतर एका बाजूला झोळ पडतो आणि दिवसभर त्याच कुल्ल्यावर भार येतो.

दोऱ्यावर पैसे वाचवणं

सुती दोरा ओल धरून कुजतो. घरगुती कपड्यांचा बारीक पॉलिएस्टर दोरा भार घेणाऱ्या जागी पुरत नाही. बाँडेड, म्हणजे तंतू सुटू नयेत म्हणून लेप दिलेला, नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोरा घ्या, आणि सुई दोऱ्याच्या जाडीला साजेशी. बारीक सुईत जाड दोरा घासून तंतू सुटतात. आणि आणखी एक: टाके जितके जवळ तितकी शिवण पक्की, असं नाही. पट्ट्यावर आडवी, दाट टाक्यांची रांग मारली की टपाल तिकिटाच्या छिद्रांसारखी रेघ तयार होते आणि पट्टा तिथेच फाटायला तयार होतो. टाके पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने पसरलेले हवेत. दोरा पट्ट्याच्या रंगाहून वेगळा घेतला, तर तुटलेला टाका चटकन दिसतो.

काचतंय म्हणून कापड बदलणं

कमरेच्या दोन्ही बाजूंना सॅडल आवळते, वळ उठतात, आणि माणूस नवीन कापड शोधायला लागतो. बऱ्याचदा दोष ब्रिजचा असतो. ब्रिजच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक बाजूवर तुमच्या वजनाच्या ५८ टक्के ताण येतो. ब्रिज आखूड केला आणि कोन १२० अंश झाला, की प्रत्येक बाजूवर पूर्ण वजनाइतका ताण येतो आणि दोन्ही फास एकमेकांकडे तिप्पट जोराने ओढले जातात. म्हणून आधी ब्रिज वीतभर लांब करून बसा. तरीही काचत असेल, तर पट्ट्याची कड उघडी राहिली आहे का ते बघा. कड कापडाच्या दुमडीत गेली की रुतणं कमी होतं. कापलेल्या नायलॉनच्या टोकाला चटका दिल्यावर वितळून जो कडक मणी होतो, तोही टोचतो आणि शेजारचं कापड खातो. तो गरम असतानाच धातूच्या पट्टीने चपटा करा.

धुताना आणि ठेवताना

ब्लीच नायलॉनला जाळतं, ते कधीच नको. शुभ्रता वाढवणारे पदार्थ घातलेली डिटर्जंटही टाळा. त्यांनी कापड अतिनील प्रकाशात उजळतं आणि हरणांची नजर निळ्या टोकाच्या त्या प्रकाशाला आपल्याहून जास्त संवेदनशील असते. साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. गाडीत बॅटरीच्या जवळ सॅडल ठेवू नका. तिच्या आम्लाचे न दिसणारे थेंबही नायलॉन पोखरतात.

दर हंगामाआधी मी सॅडल खिडकीपाशी उजेडात धरतो आणि पट्टा फासापाशी दोन बोटांत वाकवून इंच इंच पुढे सरकवतो. वाकवलेल्या जागी तुटके तंतू केसांसारखे उभे राहतात. रंग विटलेला, स्पर्श कडक झालेला, टाका सुटलेला दिसला तर तो पट्टा मी ठिगळ न लावता काढतो आणि कापून टाकतो, म्हणजे चुकून परत कुणाच्या वापरात येत नाही. मग नवीन पट्टा लावलेली सॅडल जमिनीपासून हातभर उंचीवर बांधून, पूर्ण भार देऊन, कूस बदलत तासभर बसतो. तिथे काही करकरलं की उतरून आधी शिवण बघतो.